नवीन कंपोनंट स्पीकर बसवले, पण बास गायब आणि डावा ट्विटर गप्प

खानापूरकर
नमस्कार मंडळी, स्विफ्टला बेळगावात साडेसहा इंची कंपोनंट सेट (वूफर, ट्विटर वेगवेगळे असलेला) बसवून घेतलाय, दारात खाली बासचा वूफर, वर आरशाजवळ बारीक आवाजाचा ट्विटर, सीटखाली चार चॅनलचा अँप (अँप्लिफायर). आवाज मोठा हाय पण बासच नाही ओ, कंपनीचे जुने स्पीकर बरे म्हणायची पाळी आली. बॅलन्स पूर्ण डावीकडं नेला की ढोल भरून वाजतोय, पूर्ण उजवीकडं नेला तरी तसंच, आणि मधे आणला की सगळं पोकळ. त्यात डावा ट्विटर वाजायलाच नाही. दुकानदार म्हणतोय नवीन माल हाय, महिनाभर वाजवा, मोकळा होतोय. परत तिकडं जायच्या आधी घरी काय बघता येईल?

उद्यमबाग_फिटर
महिनाभर वाजवून हे जायचं नाही. वाजून वाजून स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, थोडा मोकळा होतो खरा, पण तुमचं लक्षण सरळ पोलॅरिटीचं आहे, एका वूफरची प्लस मायनस उलटी जोडलीय. एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातोय आणि दोघांचा बास हवेतच कापला जातोय, म्हणून एकेकटा भरलेला आणि दोन्ही मिळून पोकळ. सिस्टीम बंद करून क्रॉसओव्हरवरनं (अँपचा आवाज वूफर आणि ट्विटरला वाटून देणारी डबी) वूफरला जाणारी जोडी सोडवा आणि त्या वायरींना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा, प्लसला प्लस. कोन बाहेर आला पाहिजे, जाळीतनं टॉर्च मारून बघा. आत गेला तर ती बाजू उलटी. दोन्ही बाहेर आले तर अँप ते क्रॉसओव्हरची जोडणी तपासा. आणि ही टेस्ट वूफरलाच हं, ट्विटरला सेल लावू नका, त्याची कॉइल फार नाजूक असतेय.

चिकोडीवाला
ट्विटरसाठी आधी अँपवर डावं उजवं आउटपुट बदला. तरी डावाच गप्प राहिला तर अँप चांगला, दोष पुढं क्रॉसओव्हर, वायर नाहीतर ट्विटर. मग मल्टिमीटर लावा, ४ ओहमचा ट्विटर ३ ते ४ च्या मधे दाखवतोय. पण बऱ्याच ट्विटरच्या वायरीतच छोटा कपॅसिटर असतोय, त्याच्यावरनं मोजलं की मीटर ओपन, म्हणजे तुटलंय असं, दाखवणार आणि चांगला ट्विटर जळालाय म्हणून तुमच्या गळ्यात नवीन मारतील, म्हणून कपॅसिटरच्या पलीकडं, अगदी ट्विटरच्या टोकाला मोजा. ट्विटर क्रॉसओव्हर सोडून अँपवर डायरेक्ट मात्र लावू नका, जळतोय.

खानापूरकर
उजवा कोन आत गेला! क्रॉसओव्हरवर वायरी सरळ केल्या आणि बास आला, ढोल ताशा छातीत लागतोय. ट्विटर टोकाला ३.४ ओहम दाखवतोय, पण त्याची वायर क्रॉसओव्हरकडनं ओपन. वायर बिजागरीपाशी उघडीच सोडलीय, दारात चेपून तुटलीय.

उद्यमबाग_फिटर
मग ट्विटर ठीक हाय, नवीन घेऊ नका. वायर दाराच्या रबरी नळीतनं ओवून द्यायला सांगा, नुसता जोड मारून टेप लावला तर परत तुटणार, आणि वायरीतला कॉपर दाराच्या पत्र्याला टेकला तर अँप प्रोटेक्टमधे जातोय, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतोय.

चिकोडीवाला
आणि दारपॅड काढतील तेव्हा समोर उभं राहा. आतला प्लास्टिक कागद फाडून टाकतात, तो परत नीट चिकटवलाच पाहिजे. तुमच्या खानापूर भागातला पाऊस, काचेवरनं पाणी दारात उतरतंच, कागद नसला तर पॅड फुगतंय आणि पाणी गाडीत.

खानापूरकर
शनिवारी जातोय, कागदाचं आधीच बोलून ठेवतो.