‘पोर्ट-रिमास्टर म्हणजे लूट’ म्हणणाऱ्या वाशीकरांना उत्तर

घोडबंदरी :
वाशी_१७ यांनी काल लिहिलं, ‘स्टुडिओंनी पाच वर्षं सीक्वेल, पोर्ट, रिमास्टर सगळं बंद ठेवावं आणि फक्त नवीन गेम काढावेत. जुनाच माल पुन्हा विकणं ही लूट आहे आणि तो घेणारे त्या लुटीत सामील आहेत.’ शेवटचं वाक्य फार लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय. (नव्यांसाठी : पोर्ट म्हणजे एका यंत्रासाठी केलेला गेम दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करणं, रिमास्टर म्हणजे जुनाच गेम चित्र-आवाज सुधारून पुन्हा काढणं.)

तो माल घेणारा मी आहे. आमच्या घरात कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, कधीच आला नाही. सोनीचा पीएस४ (प्लेस्टेशन ४) भारतात आला तेव्हा ३९,९९० रुपयांना होता. एवढ्या पैशांचा खेळ आणायचा, हे घरात बोलून दाखवायचीही सोय नव्हती. पीसी होता, तोही बाबांनी कामासाठी घेतलेला. पुढे पगार सुरू झाल्यावर त्यात ग्राफिक्स कार्ड टाकलं. ‘गॉड ऑफ वॉर’ २०१८ चा, पीसीवर आला जानेवारी २०२२ मध्ये. मधली सगळी वर्षं मित्र त्याच्यावर बोलायला लागले की मी उठून जायचो, शेवट कळू नये म्हणून. ‘रेड डेड रिडेम्प्शन’ २०१० चा, त्याला पीसीवर यायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. तुमच्या दृष्टीने तो जुना माल असेल, मी तो पहिल्यांदाच खेळलो.

आणि सीक्वेलचं म्हणाल तर ‘बाल्डर्स गेट ३’ सीक्वेलच आहे. दुसरा भाग २०००चा, तिसरा २०२३चा. तुमचा नियम लावला असता तर तो निघालाच नसता.

वाशी_१७ :
घोडबंदरी, तुम्ही सोयीची उदाहरणं निवडलीत. मी ‘द लास्ट ऑफ अस’सारख्यांबद्दल बोलतोय. २०१३ ला पीएस३वर, २०१४ ला पीएस४साठी रिमास्टर, २०२२ ला पीएस५साठी नव्याने, तेही पूर्ण किमतीला. पुढच्या मार्चमध्ये पीसीवर आला तो क्रॅश होत, शेडर (पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार व्हायची वाट बघायला लावत. बॅटमॅनचा ‘अर्खम नाइट’ विसरलात? जून २०१५ मध्ये पीसी पोर्ट इतका वाईट निघाला की विक्री थांबवावी लागली, ऑक्टोबरात परत आला.

‘जीटीए ५’ २०१३ पासून कन्सोलच्या तीन पिढ्यांवर विकला जातोय. ज्या कंपन्यांकडे सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात चांगली माणसं आहेत, त्यांनीच नवीन काही सुचवायचं नाही, तर कोणी सुचवायचं? मी सेक्टर १७ च्या सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने खेळत मोठा झालो. तेव्हा दर सुट्टीत काहीतरी कधी न पाहिलेलं असायचं. आज माझ्या भाच्याला दाखवायला माझ्याच वयाची नावं उरली आहेत, त्याचा मला राग आहे.

कोपरीकर :
नवीन हवं म्हणणारे नवीन घेतात का, ते आधी सांगा. ‘हाय-फाय रश’ जानेवारी २०२३ चा. नवा विषय, नवी पात्रं, सगळ्यांनी डोक्यावर घेतला. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो काढणारा स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. ‘कॉन्कॉर्ड’ही नवीनच होता. ऑगस्ट २०२४ मध्ये आला, दोन आठवड्यांत सोनीने मागे घेतला, पुढे स्टुडिओही गेला. वाशीकरांच्या पाच वर्षांत असे किती स्टुडिओ बुडतील? त्यांचे पगार तुम्ही देणार का?

वाशी_१७ :
आणि ‘एक्स्पिडिशन ३३’? फ्रान्समधल्या माँपेलिएचा नवखा स्टुडिओ, पहिलाच गेम, २०२५ चा गेम ऑफ द इयर. चाली-चालीने लढायचा गेम आता कोण घेणार, असं म्हणत होते. घेतला लोकांनी.

ऐरोली_रात्रपाळी :
इतका वेळ गप्प होतो, पण ‘वाईट पोर्ट’ म्हणून सगळे ठोकायला लागलेत, तेव्हा सांगतो. मी हेच काम करतो. स्टुडिओचं नाव घेणार नाही. पोर्ट म्हणजे फाइल उचलून दुसरीकडे ठेवणं नव्हे. कन्सोलमध्ये एकच ठरलेलं हार्डवेअर. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा, मेमरी वेगळी. कन्सोलवर शेडर आधीच तयार करून देता येतात, पीसीवर ते त्या-त्या कार्डावर तयार व्हावे लागतात. तेच अडखळणं तुम्हाला दिसतं. हे आम्हाला आधी माहीत असतं, लिहून कळवलेलंही असतं. तारीख मात्र वरून आलेली असते. पोर्ट बिघडतो तो तारखेमुळे, पोर्ट आहे म्हणून नव्हे.

नेरुळकरीण :
दादा, काम अवघड आहे हे मान्य. पण आपल्या भारतीयांच्या वाट्याला कायम हेच काम का, यावर कोणी बोलणार आहे का? ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा मी कॉलेजात अ‍ॅनिमेशन शिकत होते. युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे काम होतं. आमच्या अख्ख्या वर्गाला वाटलं होतं, आता आपलं दार उघडलं. ट्रेलरमधल्या चेहऱ्यांवरून जगभर शिव्या पडल्या, तारखा पुढे गेल्या, २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. आणि जानेवारी २०२६ मध्ये गेमच रद्द झाला. त्या वेळी ‘भारतीयांना दिलं की असंच होणार’ असं लिहिणारे आपलेच लोक होते.

कोपरीकर :
ट्रेलर वाईट होता. वाईटाला वाईट म्हणायचं नाही का? देश मध्ये आणून काय होणार?

नेरुळकरीण :
देश मी आणला नाही, शिव्या देणाऱ्यांनी आणला! मॉन्ट्रियललाही तो पूर्ण झाला नाही, तेव्हा कोणी ‘कॅनडाला दिलं की असंच’ म्हटलं का? तुम्ही म्हटलंत का, कोपरीकर?

कोपरीकर :
नाही म्हटलं. तेवढा मुद्दा तुमचा. बाकी ट्रेलरबद्दल मी मागे हटणार नाही.

ऐरोली_रात्रपाळी :
नेरुळकरीणताई, त्या वेळी आमच्याकडेही हीच चर्चा होती. माझ्यासोबतच्या दोघांनी क्षेत्रच सोडलं. एक आता महापेला बँकिंग सॉफ्टवेअर लिहितो. स्वतःचा गेम काढायचा म्हणून आम्ही तिघांनी शनिवार-रविवार बसून एक नमुना केला होता. पैसे देणारा पहिला प्रश्न विचारायचा, ‘आधीचा कुठला गेम चाललाय?’ त्यामुळे वाशीकर, नवीन गेम हवेत या तुमच्या म्हणण्यावर माझा राग नाही. ते करायला मिळावेत म्हणून पोर्टचा पगार लागतो.

घोडबंदरी :
हेच तर! पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ पाहा. किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर, पैसे जमले नाहीत, तरी २०२० मध्ये आणला. आधी निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर, मग पीसी आणि बाकी कन्सोलवर. आपल्या मातीतला नवा गेमही पीसीवाल्यांपर्यंत पोहोचला तो दुसऱ्या टप्प्यातच.

वाशी_१७ :
‘राजी’ मी घेतलाय, पूर्ण खेळलोय. ठीक आहे. जिथे गेम आधी नव्हता तिथे तो नेणं, याला माझा विरोध नाही, हे लिहून देतो. पण ज्याच्याकडे पीएस४ची प्रत आहे त्याच्याकडून पीएस५वर पुन्हा पूर्ण किंमत मागणं, याला मी लूटच म्हणणार. आणि ‘सामील’ हा शब्द मी तुमच्यासाठी वापरला नव्हता, घोडबंदरी.

घोडबंदरी :
‘घेणारे’ लिहिलं होतंत. त्यात मी येतो.

वाशी_१७ :
बरं, तेवढा शब्द मागे घेतो. पण ‘जीटीए ५’वर एकानेही उत्तर दिलेलं नाही.

नेरुळकरीण :
आणि माझ्या प्रश्नावरही नाही. रात्रपाळी दादा, पोर्ट करणाऱ्यांची नावं गेमच्या श्रेयनामावलीत येतात का?

ऐरोली_रात्रपाळी :
बऱ्याचदा फक्त कंपनीचं येतं. काम मध्येच सोडलं तर माणसाचं बहुधा गळतंच. पुढचा करार होईल तेव्हा आधी तेच मागणार आहोत, पैशांच्याही आधी.