बाळाशी न बोलणारी आई निष्काळजी असते का?

माळरान: परवा बालसंगोपनाच्या कार्यशाळेत ऐकलं, "आफ्रिकेतल्या आया बाळाशी बोलत नाहीत, म्हणून मुलं मागे पडतात." तेव्हापासून अस्वस्थ आहे. आफ्रिका म्हणजे एक गाव आहे का? पश्चिम केनियातल्या गुसी लोकांचंच घ्या. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट लव्हाइन आणि सहकाऱ्यांनी १९७४ ते १९७६ मध्ये त्यांचा अभ्यास केला. गुसी आई तान्ह्याच्या डोळ्यांत फारसं बघत नाही, लाडे लाडे बोलत नाही, हे खरं. पण बाळ दिवसभर कुणाच्या तरी अंगाखांद्यावर, रात्री आईच्या कुशीत. रडलं रे रडलं की लगेच छातीशी. अमेरिकन आया रडत्या बाळाला किती उशिरा उचलतात, याची चित्रफीत गुसी आयांना दाखवली, तर त्या कासावीस झाल्या! जिथे तान्ही मुलं दगावतात तिथे आधी मूल जगवायचं, बोलणं-शिकणं पुढे, असा लव्हाइन यांनी लावलेला अर्थ मला पटतो. याला अडाणीपणा म्हणू नका.

सांजवात: अडाणी नाहीच म्हणणार. पण आई शेतात गेल्यावर बाळ कुणाकडे असतं? ओमोरेरीकडे, म्हणजे बहुतेक वेळा सहा-आठ वर्षांच्या बहिणीकडे. बाळाची सोय झाली, त्या पोरीचं काय?
आणि बोलण्याबद्दल. सेनेगलमधल्या वोलोफ खेड्यांत तान्ह्याशी बोललं तर वाईट शक्तींचं लक्ष जातं, अशी भीती काही घरांत होती. तोस्तान संस्थेने २०१३ पासून गावच्याच भाषेत आईबापांशी चर्चा केली. वर्षभराने ते मुलांशी जास्त बोलू लागले, मुलांचे शब्दही वाढले. दृष्टीची भीती आपल्यालाही कळते, पण तीट लावून बोलता येतंच की.

रानजाई: दोघेही गरिबीला बाजूला ठेवताय. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या खायेलित्शा या गरीब वस्तीत ४४९ गरोदर बायकांवर प्रयोग झाला. वस्तीतल्याच बायका निम्म्या जणींच्या घरी बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत जात राहिल्या, आईला धीर देत, बाळाला समजून घ्यायला मदत करत. भेटी मिळालेल्या आया बाळाच्या खाणाखुणा जास्त ओळखू लागल्या. दीड वर्षाच्या मुलांपैकी आईशी सुरक्षित नातं जुळलेली ७४ टक्के, भेटी न मिळालेल्यांत ६३. त्या आयांची माया कमी नव्हती, ओझं जास्त होतं.
कुपोषणाच्या एका आजाराचं नाव क्वाशिओरकोर, हा शब्द घानातल्या गा भाषेतला. पाठचं भावंड आलं की दूध तुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. आयांना सगळं कळत होतं. घरात दुधाच्या जागी द्यायला कसदार काही नव्हतं.

कोपीतली: मी ऊसतोडीच्या फडावर धाकट्याला कडेवर घेऊन वाढले. आईबाप पहाटे कोयता घेऊन निघायचे, मी नऊ वर्षांची. त्याला माझ्याशिवाय झोप लागायची नाही, ते प्रेम खोटं नव्हतं. पण माझी चौथी बुडाली ती बुडालीच. केनियातल्या त्या पोरीला कुणी विचारलंय का?

माळरान: कोपीतली, मी फक्त आईकडे बघत होतो. चुकलंच. केनियात २००३ साली प्राथमिक शाळेची फी माफ झाली. पण पोरगी शाळेत गेली की तान्हं कुणी घ्यायचं, हा प्रश्न फी माफीने सुटत नाही. त्यासाठी गावात पाळणाघर लागतं, नाहीतर आईच्या हातात तेवढी मजुरी.

सांजवात: पाळणाघरावर एकमत. बोलण्यावर मात्र मी ठाम आहे. बोलायला पैसे लागत नाहीत.

रानजाई: पैसे नाही, पण दिवसभर राबून आलेल्या बाईला उसंत लागते.