जुना पिकअप शिकारीसाठी तयार करायचाय

प्रेषक: मन्या

मंडळी, नमस्कार.

हा विषय आपल्या या मेल-यादीवर चालतो का ठाऊक नाही, पण मागच्या सहलीत निम्मे लोक गाड्यांचंच बोलत होते, म्हणून विचारतो. एक जुना पिकअप घेतलाय. फोर व्हील ड्राइव्ह, मागे पाटे, पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे लॉकिंग हब (फिरवले की पुढची चाकं इंजिनाच्या जोराला जोडली जातात). इंजिन एका हाकेत सुरू होतं. हरणाचा हंगाम तीन महिन्यांवर आलाय आणि यंदा परवाना माझ्या हातात आहे.

करायची कामं: विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचा दोराचा रहाट), टपावर रॅक आणि दिव्यांची पट्टी, दोन नंबर मोठे टायर, मागच्या काचेत बंदूक अडकवायचा रॅक, हौद्यात ड्रॉवर, दुसरी बॅटरी. दिव्यांची पट्टी तर येऊनही पडली. सुरुवात कुठून करू?

मन्या

---

प्रेषक: आप्पा

मन्या, यादी दोनदा वाचली. ब्रेक सापडले नाहीत.

या वयाच्या गाडीत आधी खाली झोपायचं. टाकाऊ कोट चढव, मोठा स्क्रू-ड्रायव्हर घे आणि त्याच्या मुठीने चॅसी ठोकत जा. धड लोखंड टण् वाजतं. गंजलेलं थप् करतं, आणि तिथे टोक दाबलं की पापुद्रे सुटतात. मागचे पाटे जिथे चॅसीला धरलेत ती जागा आणि इंधनाच्या टाकीच्या वरची बाजू नीट बघ, तिथे चिखल अडकून राहतो. चॅसीच गेली असेल तर विंच बांधणार कशाला? ती आधी तुझीच गाडी फाडेल.

मग ब्रेकच्या लोखंडी नळ्या, रबरी होस, शाफ्टचे क्रॉस (त्याच्या टोकांचे फिरते सांधे). ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. एरवी कळत नाही. भरलेली गाडी घेऊन लांब उतार उतरताना पेडल स्पंजासारखं आत जातं तेव्हा कळतं. जुनं काढून नवं भर. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरन्शियल (अॅक्सलवरच्या, डाव्या-उजव्या चाकाला जोर वाटणाऱ्या पेट्या), सगळी ऑइलं बदल. डिफरन्शियलचं ऑइल दुधासारखं निघालं तर समज आत पाणी गेलंय. गरम डिफरन्शियल ओढ्यात उतरलं की एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी खेचलं जातं. त्यासाठी ब्रीदरची, म्हणजे डिफरन्शियलला हवा घ्यायच्या भोकाची, नळी लांबवून वर इंजिनजवळ बांधायची. काम अर्ध्या तासाचं, पण कुणाच्याच यादीत नसतं.

हब आत्ताच दोन-चार वेळा फिरवून बघ. वर्षानुवर्षं न वापरलेले हब जाम झालेले असतात, आणि ते चिखलात उकिडवं बसून कळण्यात गंमत नाही. कोरड्या पक्क्या रस्त्यावर मात्र फोर व्हील लावून पळवू नकोस. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मधे फरक सोसणारं काही नाही, सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये भरतो.

टायर मूळ मापाचेच घे, फक्त हलक्या ट्रकच्या बांधणीचे ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि रान दोन्हीकडे चालणारे. दोन नंबर मोठे घातलेस की इंजिनाला तेवढंच ओझं ओढायला जास्त कष्ट, ब्रेकनाही जास्त कष्ट, आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवणार. रुतण्यावर पहिला उपाय म्हणजे हवा सोडणे. 35 पीएसआयवरून 20 वर आलास की टायरचा जमिनीवरचा ठसा लांब होतो आणि जिथे फिरत होता तिथे धरायला लागतो. 15 च्या खाली गेलास तर टायर रिमवरून उतरू शकतो. हवा कमी असताना सावकाश चालव, रस्त्याला लागण्याआधी परत भर. म्हणून हवेचा पंप आधी, विंच नंतर.

विंच घेशीलच, तर गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ताकदीची घे. डब्यावर लिहिलेली ओढ ड्रमवरच्या दोराच्या पहिल्या थरालाच मिळते, वरच्या थरांवर कमी होत जाते. एक कप्पी जवळ ठेव. दोर झाडाकडच्या कप्पीतून फिरवून परत गाडीला आणला की ओढ जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा. पूर्ण जोरात विंच तीन-चारशे अँपिअर खाते. तुझा जुना अल्टरनेटर याच्या आसपासही नाही. म्हणजे सगळं बॅटरीच्या जिवावर, त्यामुळे थोडं ओढायचं, थांबायचं, इंजिन चालू ठेवायचं.

आणि गाडी ओढायचा पट्टा कधीही टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, अडकवायचा नाही. मी अडकवलाय. मित्राची गाडी रुतली होती, मी झटका दिला, पट्टा गोळ्यावरून निसटला आणि शॅकलसकट (लोखंडी कडीसकट) उलटा जाऊन त्याच्या पुढच्या काचेतून आत शिरला. तो त्या क्षणी बुटाची नाडी बांधायला वाकला होता. सीटच्या पाठीला पडलेलं भोक त्याने अजून शिवलेलं नाही, मुद्दाम. चॅसीला बोल्ट केलेले, मापाचे हूक लाव, पुढे दोन, मागे दोन. ओढताना दोरावर जाड घोंगडी टाक आणि बाकीच्यांना लांब उभं कर.

आप्पा

---

प्रेषक: ताई

आप्पा, तुम्ही जायचं सगळं सांगितलंत. परत यायचं कुणी सांगायचं?

मन्या, गाडीचं खरं काम बार उडाल्यानंतर सुरू होतं. जनावराच्या अंगात तेव्हा 38-39 अंशांची ऊब असते आणि मांस टिकायला ते 4 अंशांच्या खाली न्यायचं असतं. हौदा त्यासाठी बनलेला नाही. खालून एक्झॉस्ट तापवतो, वरून ऊन. पत्र्याला टेकलेली बाजू तशीच गरम राहते आणि तिथूनच वास यायला लागतो. मी हौद्यात लाकडी पट्ट्यांचा पाट केलाय, चार बोटं उंच, पट्ट्यांमध्ये फटी. जनावराचे चार मोठे भाग कापडी पिशव्यांत घालून त्यावर ठेवते, खालून हवा खेळते. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा ताडपत्रीत गुंडाळलंस तर ऊब आत कोंडते. ताडपत्री सावलीपुरती, वर ताणून बांधायची. दिवस उबदार असला तर मोठा बर्फाचा पेटारा पाहिजेच, आणि त्यातलं वितळलेलं पाणी मांसाला लागता कामा नये.

रक्त खारट असतं. हौद्याच्या सांध्यात वाळलं की गंजाला आमंत्रण. आल्या रात्री धुवायचं, कितीही दमला असलास तरी, आणि पाणी जायची भोकं काडीने मोकळी करायची. तुझ्या हौद्यात आयता बसवलेला प्लॅस्टिकचा लायनर असेल तर तो उचलून बघ. त्याच्याखाली पाणी आणि वाळू साचते, वर सगळं चकाचक आणि खाली चाळण. फवारून चिकटवतात तो लायनर बरा.

आता तुझे ड्रॉवर. दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात भरलेल्या गाडीचं कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा कर. उरतं त्यात तू, सोबतचा माणूस, विंच, लाकडी ड्रॉवर, दुसरी बॅटरी, पाणी (लिटरला किलो), आणि येताना हरीण. गणित केलंस की ड्रॉवर आपोआप गळेल. गाडी मागे बसते म्हणून जादा पाटा टाकलास तर ती सरळ उभी राहील इतकंच. अॅक्सल आणि ब्रेक तेच राहतात, क्षमता वाढत नाही. टपावरचा रॅक तर नकोच. वजन जितकं वर तितकी आडव्या उतारावर गाडी कलंडायची भीती.

मागच्या काचेतला बंदुकीचा रॅक म्हणजे चोराला लावलेली पाटी. शिवाय खडखडीने बंदुकीवरची दुर्बीण हलते आणि जुळवलेला नेम बिघडतो. बंदूक रिकामी करून, फोम भरलेल्या कुलूपबंद पेटीत, गोळ्या वेगळ्या. त्यापुढचे नियम जागोजागी वेगळे, परवान्यासोबतचं पत्रक अक्षरन् अक्षर वाच. गाडीतून बार काढायला किंवा दिव्याच्या झोतात जनावर शोधायला पुष्कळ ठिकाणी बंदी असते, म्हणून तुझी ती पट्टी नुसती टपावर असली तरी रात्री प्रश्न विचारले जातील.

एक फुकटचं: फाळक्याच्या साखळ्यांवर सायकलची जुनी ट्यूब चढव आणि दार उघडल्यावर लागणारा आतला दिवा बंद कर. पहाटेच्या शांततेत साखळीचा खळ् आवाज सगळ्या रानाला कळतो.

ताई

---

प्रेषक: बापू

शिकारीबद्दलचं माझं मत सगळ्यांना पाठ आहे, पुन्हा मांडत नाही. माणसं जिवंत परत यावीत एवढ्यापुरतं दोन ओळी.

मागे टोप बसवून हौद्यात झोपणार असाल तर इंजिन बंद. थंडी वाजते म्हणून चालू ठेवून झोपलेली माणसं कार्बन मोनॉक्साइडने जातात, आणि त्या वायूला वास नसतो. गाडी चालत असताना मागची काच किंवा फाळका उघडा राहिला तरी एक्झॉस्ट आत ओढला जातो. दुसरं, वाळलेल्या उंच गवतात गाडी उभी करू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गवत पेटवण्याइतका तापतो. अग्निशामक नळकांडं सीटखाली ठेवा, सामानाखाली नको.

बापू

---

प्रेषक: मन्या

आप्पा, ताई, बापू, आभार.

शनिवारी खाली झोपलो. पुढे सगळं टण्. डावीकडच्या मागच्या पाट्यापाशी थप्. टोक दाबलं तर स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि तोंडावर लाल भुगा पडला. लायनरही उचलला. ताई, चाळण नाही, पण गाळणी म्हणता येईल.

डावा हब फिरतो, उजवा अजिबात नाही. वजनाचं गणित केलं. विंच, ड्रॉवर आणि रॅक सगळं लावलं असतं तर दोन माणसं बसल्यावर हरणाला जागा उरत नव्हती, हरणाने चालत यावं लागलं असतं.

आता चॅसीला वेल्डिंग, मग ब्रेक, हब, टायर, पंप. विंच पुढच्या वर्षी. वेल्डिंगवाला म्हणतो नुसता तुकडा चिकटवून चालणार नाही, तेवढा भाग कापून नवा घालावा लागेल. बरोबर आहे का?

मन्या

---

प्रेषक: आप्पा

बरोबर आहे. गंजावर पत्रा चिकटवणाऱ्याकडे जाऊ नकोस. कापायच्या आधी बॅटरीची वायर काढ आणि इंधनाची टाकी उतरव, ती तिथेच शेजारी आहे. टाकी उतरवायला दोन माणसं लागतात. रविवारी येतो, जॅक माझा आणतो.

दिव्यांची पट्टी परत करता येते का बघ.

आप्पा