सत्तरी ओलांडली की डॉक्टरची चिठ्ठी: क्रूझवाल्यांचा तो नियम बरोबर होता का?

फिरस्ता_काका

परवा संघाच्या कट्ट्यावर अलास्काच्या क्रूझचा विषय निघाला आणि माझी जुनी ठसठस पुन्हा वर आली.

मार्च २०२० मध्ये, कोरोना पसरायला लागला होता तेव्हा, आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीला होतो. फ्लोरिडाहून कॅरिबियन बेटांची सहल ठरली होती. निघायला पाच दिवस उरले असताना ईमेल आली: सत्तरीवरच्या प्रवाशांनी प्रवासाला तंदुरुस्त असल्याचं डॉक्टरचं पत्र आणावं, नाहीतर जहाजावर घेणार नाही. त्याच आठवड्यात क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने अमेरिकन सरकारपुढे असाच प्रस्ताव ठेवला होता.

मी तेव्हा ७१ वर्षांचा, रोज पाच किलोमीटर चालणारा, एकही गोळी न घेणारा. बायको ६८ ची, पंधरा वर्षांचा मधुमेह. चिठ्ठी कुणाला? मला!

परक्या देशात डॉक्टर कुठून आणायचा? शेवटी ठाण्याच्या आमच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर दोन ओळी लिहून व्हॉट्सॲपवर धाडल्या. त्यांनी मला वर्षभरात पाहिलंही नव्हतं. १३ मार्चला कंपन्यांनी जहाजंच थांबवली, दुसऱ्या दिवशी सरकारी मनाईही आली. चिठ्ठी अजून फायलीत आहे.

माझा मुद्दा असा. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस या क्रूझ जहाजावर ३,७११ माणसं होती, ७१२ जणांना लागण झाली, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना तपासणीच्या वेळी लक्षणंच नव्हती. माझं हृदय ठणठणीत आहे असं लिहिलेला कागद विषाणूला कसा अडवणार? हा निव्वळ देखावा होता, आणि त्यासाठी म्हाताऱ्यांना वेगळं काढलं. आपल्याकडेही चित्रीकरणाच्या सेटवर ६५ वरच्या कलाकारांना बंदी घातली होती, ती ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलीच ना?

दर्याडॉक्टर

काका, असहमत. जरा लांबट लिहितो. मी काही वर्षं जहाजावर वैद्यकीय अधिकारी होतो.

चिठ्ठी विषाणूला अडवायला नव्हतीच. जहाजावरच्या दवाखान्यात मोजक्या खाटा असतात. व्हेंटिलेटर एक-दोन. सीटी स्कॅन नाही. रक्तपेढी नाही, गरज पडली तर खलाशांतून रक्तदाता शोधायचा. समुद्र खवळलेला असेल किंवा किनारा लांब असेल तर हेलिकॉप्टर येत नाही. अशा ठिकाणी एका रात्रीत तीन माणसांचा ऑक्सिजन घसरला तर चौथ्याला काय द्यायचं, हा प्रश्न माझ्यासारख्याच्या मानगुटीवर बसतो.

डायमंड प्रिन्सेसवरचे पहिले दोन मृत्यू आठवा: ८७ वर्षांचे गृहस्थ आणि ८४ वर्षांच्या बाई. या आजारात वय हाच सगळ्यात मोठा धोका होता, हे कटू आहे पण खरं आहे.

आणि सेटची तुलना चुकली. गोरेगावला कुणी कोसळलं तर अर्ध्या तासात रुग्णालय. झांडाम जहाज ७ मार्चला ब्यूनोस आयरेसहून निघालं. बंदरामागून बंदर नाही म्हणत गेलं. २ एप्रिलला फ्लोरिडात टेकेपर्यंत चार प्रवासी गेले होते.

एक विचारू? वयाऐवजी 'जुनाट आजार आहे का' असा रकाना असता, तर वहिनींचा मधुमेह तुम्ही लिहिला असता?

फिरस्ता_काका

खरं सांगू? पैसे भरून बसलो होतो. बहुधा नसता लिहिला.

दर्याडॉक्टर

म्हणूनच वय. पासपोर्टवर छापलेलं असतं, तिथे खोटं बोलता येत नाही.

चिवडा_शेंगदाणे

जन्मतारीख सोपी पडते म्हणून तीच धरायची, असं का? मग नववर्षाच्या पार्टीला मुंबईहून गोव्याला आलेली क्रूझ विसरलात. जानेवारी २०२२, जहाजावर दोन हजारांच्या आसपास माणसं, ६६ पॉझिटिव्ह. ती काय आजोबांची सहल होती? नाचणाऱ्यांनी जहाजभर पसरवायचं आणि चिठ्ठ्या काकांनी आणायच्या. काकांना +१.

वास्कोची_लेक

सगळे प्रवाशांबद्दलच बोलताय, म्हणून लिहितेय. माझा भाऊ क्रूझच्या गॅलीत, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघरात आहे. आमच्या गोव्यात घराआड एक तरी 'बोटीवरचा' असतो.

डायमंड प्रिन्सेसवर १३८ भारतीय होते. त्यातले प्रवासी फक्त सहा, बाकीचे १३२ कामगार. ५ फेब्रुवारीपासून प्रवाशांना केबिनमध्ये बंद केलं. त्यांच्या दाराशी तीन वेळचं जेवण कोण नेत होतं? हीच पोरं. रात्री परत येऊन दोघादोघांच्या खोलीत, एकाच टॉयलेटवर. त्यांना विलगीकरण वगैरे काही नव्हतं. २७ फेब्रुवारीला विमानाने ११९ जण भारतात आणले, ज्यांना लागण झाली होती ते मागे तिथल्या रुग्णालयात.

डॉक्टर, काकांना चिठ्ठीशिवाय घेऊ नये हे मला पटतं, पण तुमच्या कारणासाठी नाही. आजारी प्रवाशाच्या खोलीत ताट घेऊन माझा भाऊ जातो. आणि काका, तुम्ही निरोगी आहात म्हणता, पण त्या प्रवासानंतर तुम्ही मुलीच्या घरी गेला असता. भाऊ पुढचे सहा महिने जहाजावरून खाली उतरायला मिळेल का याची वाट बघत बसला असता.

दर्याडॉक्टर

मान्य. खालच्या डेकवरची परिस्थिती मी पाहिलेली आहे, आणि आधी लिहायला हवी होती.

फिरस्ता_काका

वास्कोच्या ताई, हे मनाला लागलं. पण यातून माझाच मुद्दा भक्कम होतो. तुमच्या भावाला विषाणू चाळिशीतला प्रवासीही देणार होता! अट घालायची तर सगळ्यांना घाला. सागा ही ब्रिटिश कंपनी बघा. तिचे गिऱ्हाईक पन्नाशीच्या पुढचेच. जानेवारी २०२१ मध्ये तिने जाहीर केलं की लशीचे दोन्ही डोस, शेवटचा निदान १४ दिवस आधी, नाहीतर जहाजावर पाऊल नाही. ही खरी अट. म्हाताऱ्यांची क्रूझ असून कुणी म्हटलं नाही की आमचा अपमान झाला.

दर्याडॉक्टर

तुमच्या ईमेलला मार्च २०२० ची तारीख आहे, काका. तेव्हा लस नव्हती, चाचण्या रुग्णालयांनाच पुरत नव्हत्या. तेव्हा काय केलं असतंत?

फिरस्ता_काका

जहाजं बंद. पहिल्या दिवसापासून. फेब्रुवारीत योकोहामाला सगळं जगाला दिसलं होतं, तरी महिनाभर तिकिटं विकत राहिले आणि शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे चिठ्ठी मागितली. राग त्याचा आहे.

चिवडा_शेंगदाणे

हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर आमचं एवढं टायपिंग वाचलं असतं.

दर्याडॉक्टर

यावर मात्र माझं काही म्हणणं नाही. बंदच करायला हवी होती. अलास्काला जाताय तर विमा घेतलात का? हेलिकॉप्टरचा खर्च धरणारा घ्या. ते बिल पाहून धडधाकट माणसालाही धाप लागते.

फिरस्ता_काका

घेतला. फॉर्मवर हिचा मधुमेह लिहिला, हप्ता वाढला. ही म्हणते, त्या पैशात कोकण झालं असतं.