'डेट्रॉइट' मंडळात दाखवायचाय: मध्यंतर कुठे, आणि त्यात खरं किती?

पडद्यामागचा: आमच्या चित्रपट मंडळात दिग्दर्शिका कॅथरीन बिगेलोचा 'डेट्रॉइट' (२०१७) दाखवायचं ठरतंय. लांबी १४३ मिनिटं, प्रेक्षक साठेक, आणि १९६७ साली अमेरिकेतल्या त्या शहरात काय झालं हे बहुतेकांना माहीत नाही. मध्यंतर कुठे घ्यावं? अल्जिअर्स मोटेलमध्ये पोलिसांनी केलेला छळ आणि मृत्यू दाखवलेत, त्यातलं घडलेलं किती, रचलेलं किती? प्रस्तावनेला १० मिनिटं आहेत.

कडेचीखुर्ची: मध्यंतर घेऊच नका. अल्जिअर्स मोटेलचा भाग बराच लांबतो: भिंतीकडे तोंड करून उभी केलेली पोरं, हातात धरून फिरवलेले कॅमेरे, आणि आपल्याला त्या बोळातून बाहेर पडायला जागा नाही. तिथे चहा आला की सगळं सांडलं. हॉल साडेतीन तासांसाठी घ्या आणि तासभर चर्चेला ठेवा. काय बघायचंय ते तिकिटावरच लिहा, कारण त्या भागात काही जण उठून जातात.

खऱ्याखोट्याचं म्हणाल तर तीन कृष्णवर्णीय तरुणांचे मृत्यू खरे: कार्ल कूपर (१७), ऑब्री पोलार्ड (१९), फ्रेड टेम्पल (१८). २५-२६ जुलैची रात्र. गोळीबाराच्या संशयावरून पोलीस आणि नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव सैन्य) आत शिरले, बंदूक मात्र सापडली नाही. एकेकाला खोलीत नेऊन 'मारलं' असं भासवायचा खेळही साक्षींमध्ये आहे. कूपरच्या बाबतीत सावध राहा. चित्रपट त्याचा मारेकरी ठरवून टाकतो, प्रत्यक्षात त्याच्या खुनाचा आरोप कोणावरच ठेवला गेला नाही. क्राउस हा पोलीसही त्या नावाचा कोणी नव्हता, पात्र रचलेलं आहे. तपशिलात पोकळ्या आहेत हे चित्रपट शेवटच्या पाटीत कबूल करतो. ती पाटी येईपर्यंत दिवे लावू नका.

शब्दखोड: प्रस्तावनेत 'दंगल' म्हणालात तर निम्मी चर्चा तिथेच वाया जाईल. आपल्याकडे दंगल म्हटलं की दोन जमाती एकमेकांवर धावून गेल्या असं डोळ्यासमोर येतं. तसं डेट्रॉइटमध्ये १९४३ साली झालं होतं. १९६७ ची सुरुवात वेगळी: २३ जुलैच्या पहाटे पोलिसांनी बाराव्या रस्त्यावरच्या एका बेकायदा दारूच्या अड्ड्यावर धाड घातली, ८० हून अधिक लोकांना धरलं, आणि त्यांना गाड्यांत भरून नेईपर्यंत बाहेर गर्दी जमली. पुढच्या पाच दिवसांत ४३ मेले, त्यातले ३३ कृष्णवर्णीय. शहरातले बरेच जण त्याला 'उठाव' म्हणतात. पोलीस दलात कृष्णवर्णीय सुमारे ५ टक्के, शहराच्या लोकसंख्येत तिसऱ्या हिश्शाहून जास्त. एवढे दोन आकडे फळ्यावर लिहिलेत तरी पुरे.

तिसरीरांग: चित्रपटावर माझा आक्षेप वेगळाच आहे. क्राउस इतका विकृत दाखवलाय की दोष त्याच्या डोक्यात, बाकी दल ठीक, असं वाटून प्रेक्षक मोकळा होतो. शहर एका बोळात आटवलं की असंच होतं. कृष्णवर्णीय बायका जवळजवळ दिसत नाहीत. महिन्याभरानंतर एका चर्चमध्ये लोकांनी मोटेलमधल्या मृत्यूंवर स्वतःचं 'जन-न्यायालय' भरवलं, ज्युरीत नागरी हक्क चळवळीतल्या रोझा पार्क्स होत्या. त्याचा पत्ताच नाही.

कडेचीखुर्ची: @तिसरीरांग, निम्मं मान्य. पण राज्य पोलीस आत येतात, काय चाललंय ते बघतात आणि 'यात आपण पडायला नको' म्हणून निघून जातात, ते विसरू नका. ते विकृत नाहीत, म्हणूनच ते दृश्य जास्त जड जातं. चर्चेची सुरुवात तिथूनच करा. 'क्राउस कसा वाटला?' असं विचारलंत तर गाडी ते काम करणाऱ्या विल पोल्टरच्या अभिनयावर जाऊन थांबेल.

पडद्यामागचा: कोर्टाचा भाग घाईत उरकलाय असं ऐकलं?

शब्दखोड: हो, वेगवेगळे खटले एकत्र गुंडाळलेत. पोलार्डच्या खुनाचा खटला मेसन या छोट्या गावी हलवला, ज्युरी सगळे गोरे. न्यायाधीशांनी ज्युरीपुढे दोनच पर्याय ठेवले: पूर्वनियोजित खून, नाहीतर निर्दोष. मधला सदोष मनुष्यवधाचा पर्यायच नव्हता. १९६९ साली आरोपी पोलीस सुटला. दुसऱ्या एका पोलिसाचा जबाब नोकरीच्या धाकाने घेतलेला म्हणून बाद झाला. १९७० मध्ये फ्लिंटच्या संघराज्य न्यायालयात कट रचल्याचा खटला चालला, तिथेही सगळे सुटले. हे चर्चेच्या वेळी सांगा, प्रस्तावनेत नको. निकाल आधी कळला तर शेवटची वीस मिनिटं कोणी नीट बघणार नाही.