मदत हवी आहे : विहिरीचं पाणी तपासायचंय

नमस्कार मंडळी. गुहागरजवळच्या गावच्या घरी आई-बाबा आता कायमचे राहायला गेलेत. परसातली विहीर चिऱ्यांनी बांधलेली, पस्तीसेक फूट खोल. पाणी अजूनही गोड, पण यंदा पावसानंतर कळशीच्या तळाशी तांबूस गाळ बसतो. तो एक वेळ मातीचा म्हणू. खरी धास्ती शेजाऱ्यांच्या नव्या शोषखड्ड्याची आहे. विहिरीपासून जेमतेम तीस फुटांवर खणलाय.

एका फिल्टरवाल्याने पेनासारखं यंत्र बुडवून टीडीएस ९० दाखवला. म्हणे, "एकदम शुद्ध!" (आणि तरी मशीन गळ्यात मारायला बघत होता.) पण टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, त्यात जंतू थोडेच दिसणार? मानकाप्रमाणे १०० मिली पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) अजिबात नसावा. आम्ही जंतू तपासायच्या एच-टू-एस बाटलीत पाणी भरून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी काळं मिट्ट! म्हणजे पाण्यात जंतू असण्याची दाट शक्यता.

तोवर पाणी खळखळ उकळून पितायत. सरकारी प्रयोगशाळेत नमुना दिलेल्या कुणी सांगाल का, निर्जंतुक बाटली तेच देतात का? बर्फात ठेवून न्यावा लागतो का? आणि टीसीएल (ब्लिचिंग) पावडर नमुना घेतल्यावरच टाकावी ना? नायट्रेटही तपासून घ्यावं म्हणतोय, शोषखड्ड्यामुळे.