आजोळ ग्रुप: सव्वा गुंठ्यात गौरीची फुलं

मीनल: मंडळी, यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत. इथे इंग्लंडात तेव्हा डेलिया आणि अ‍ॅस्टर ऐन भरात असतात. त्यामुळे गौरी-गणपतीला सुपरमार्केटमधली प्लॅस्टिकात गुंडाळलेली फुलं आणायची नाहीत, अलॉटमेंटवरचीच वापरायची, असं ठरवलंय. मार्च सुरू आहे, बी टाकायची वेळ झालीच. काय काय लावू?

सुधामावशी: अगंबाई, फारच छान. आधी तेरडा लाव. तेरड्याशिवाय कसल्या गौरी!

अक्षय: अलॉटमेंट म्हणजे खंडाने घेतलेली शेती ना ताई?

मीनल: तसंच काहीसं. जमीन कौन्सिलची, आपण वर्षाचं भाडं भरायचं. पूर्ण प्लॉट १० रॉडचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. माझ्याकडे त्यातला अर्धा.

नंदूमामा: म्हणजे सव्वा गुंठा. एवढ्यात बैल पण वळायचा नाही. असू दे. सगळ्यात शेवंती टाकून दे, उरली तर वीक.

मीनल: मामा, दोन्ही जमणार नाही 😄 १९२२ च्या कायद्यात अलॉटमेंटची व्याख्याच अशी आहे की जमीन मुख्यतः भाजीपाला आणि फळांसाठी, तेही स्वतःच्या घरात खाण्यापुरतं. ‘मुख्यतः’ म्हटलंय म्हणून फुलांना थोडी जागा मिळते. धंदा करायचा नाही. कोंबड्या पाळता येतात, पण कोंबडा नाही.

नंदूमामा: कोंबडा नाही? मग तिकडची माणसं उठतात कधी?

राजश्रीवहिनी: अहो, विषय फुलांचा चाललाय.

सुधामावशी: मी आले होते तेव्हा तुमच्या त्या नदीकाठी केवढा तेरडा होता. माणसाएवढा उंच, गुलाबी. तोच आण की चार फांद्या.

मीनल: मावशी, त्याला हात नाही लावायचा! तो हिमालयातला तेरडा. १८३९ मध्ये शोभेसाठी म्हणून इथे आणला आणि नदीकाठ व्यापून बसला. शेंग पिकली की नुसत्या स्पर्शाने फुटते आणि बी सात मीटरपर्यंत उडतं. उघड्या रानात तो लावणं हा इथे गुन्हा आहे. लोक गट करून उपटायला जातात. आपला तेरडा वेगळा, त्याच्या बियांची पाकिटं इथे मिळतात. एप्रिलमध्ये घरातच कुंडीत टाकते.

सुधामावशी: बरं बाई. पण वेळेत टाक हो.

नंदूमामा: आता माझं ऐक. आपल्याकडे फूल दोन तऱ्हेचं. एक सुटं, हाराचं, किलोवर जातं. त्याला देठ नसला तरी चालतंय, फूल भरीव पाहिजे. दुसरं दांड्याचं, ते गड्डीनं जातं, त्याला दांडा सरळ नि लांब पाहिजे. तुला कुठलं पाहिजे ते आधी ठरव, लागवड त्यावर. हाराची शेवंती शेंडा खुडून पसरवायची, म्हणजे फुटवे जास्त नि फुलं जास्त. दांड्याला उलटं. एका दांडीवर एकच कळी ठेवायची, बगलेतल्या बारक्या कळ्या काढून टाकायच्या.

मीनल: मामा, अगदी हेच! डेलियाला इथे तसंच करतात. मधली कळी ठेवून बाजूच्या दोन चिमटीने काढल्या की दांडा लांब येतो. मला दोन्ही लागणार. गौरींच्या मागे पितळी हंड्यांत दांड्याची आणि ताटात सुटी. म्हणून असं योजलंय: दांड्यासाठी डेलिया, कॉसमॉस, अ‍ॅस्टर आणि झिनिया. सुट्यासाठी झेंडू, आणि तेरडा मावशीसाठी. डेलियाचे कंद आता कुंडीत घरात, कारण इथे मेअखेरपर्यंत कडाका पडू शकतो. एका रात्रीत पानं काळी पडतात.

नंदूमामा: अ‍ॅस्टर गेल्या वर्षीच्या जागेला नको. मर लागते, मातीत राहतो तो रोग. जागा पालट.

मीनल: पालटते. गेल्या वर्षी बटाटे होते तिथे लावेन.

अक्षय: स्वीट पी नाही लावत, तो फुलांचा वेल? रील्समध्ये सगळे तेच लावतात.

मीनल: लावलाय रे, पण गौरींपर्यंत टिकत नाही. जून-जुलैचा तो. आणि रोज खुडावा लागतो. दोन दिवस दुर्लक्ष केलं, शेंगा धरल्या, की वेलाला वाटतं काम झालं. फुलणं थांबतं. जितका तोडाल तितका येतो. वास मात्र असा की खोलीत एक जुडी पुरते.

राजश्रीवहिनी: शेंगा खातात का त्याच्या? वाटाण्यासारख्याच दिसतायत फोटोत.

मीनल: नाही वहिनी, विषारी असतात. नाव वाटाण्याचं, पण पोरांना तिथे फिरकू देत नाही मी.

नंदूमामा: गोगलगाई आहेत का तिकडं? मराठवाड्यात २०२२ ला सोयाबीन उगवलं की त्यांनी फस्त केलं होतं.

मीनल: अहो, इथे बिनशंखाच्या असतात, बोटाएवढ्या. डेलियाचा कोवळा कोंब आणि झेंडूचं रोप हे त्यांचं पक्वान्न. सकाळी जाऊन बघावं तर नुसता देठ उभा.

नंदूमामा: मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाक, गोगलगाईचं विष ते.

मीनल: इथे २०२२ पासून बाहेर वापरायला बंदी आहे. साळिंदर आणि पक्षी त्या गोगलगाई खातात ना. आयर्न फॉस्फेटच्या चालतात.

अक्षय: ताई, साळिंदर नाही, हेजहॉग म्हणायचंय तुला, तो छोटा काटेरी प्राणी. साळिंदर केवढं मोठं असतं.

मीनल: हो रे बाबा, हेजहॉग.

नंदूमामा: मग ओलं पोतं अंथर संध्याकाळी. पहाटे उलटलं की खाली सगळ्या गोळा झालेल्या असतात. उचलून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. फुकटचं काम.

सुधामावशी: ई! सकाळी सकाळी काय लिहिता.

राजश्रीवहिनी: मीनल, तोडून आणलेली फुलं गौरींच्या तीन दिवसांत माना टाकतात का गं? आमच्याकडे जरबेरा दुसऱ्याच दिवशी वाकतो.

मीनल: तोडायची वेळ चुकली की टाकतात, वहिनी. ऊन चढायच्या आत जायचं आणि पाण्याची बादली बांधावरच न्यायची. दांडा कापला की लगेच पाण्यात. पाण्याखाली जाणारी पानं सगळी काढायची, नाहीतर पाणी कुजतं. मग रात्रभर गार खोलीत, अंधारात. मांडणी दुसऱ्या दिवशी. डेलिया कळीत तोडला तर पुढे उमलत नाही, तो पूर्ण फुललेलाच घ्यायचा. मागच्या पाकळ्या कागदासारख्या झाल्या असतील तर म्हातारा झाला, सोडून द्यायचा. झिनियाचा दांडा फुलाच्या वीतभर खाली धरून हलवायचा. मान डुलली तर कच्चा, ताठ राहिली तर कापायचा.

राजश्रीवहिनी: हे भारी आहे. इकडच्या झिनियावर करून बघते.

नंदूमामा: आपल्या झेंडूचं बी पाठवू का? अक्षय जूनमध्ये जाणारच आहे.

मीनल: नको मामा, बियांनाही रोगमुक्तीचा दाखला लागतो, नाहीतर विमानतळावर काढून घेतील. आणि जूनमध्ये बी येऊन उपयोग काय? इथे एप्रिलमध्ये टाकलं तरच कडाक्याआधी भरपूर फुलं मिळतात. दसरा यंदा २० ऑक्टोबरला, तोवर झेंडू तगला तर तोरण, नाहीतर आंब्याच्या पानांचं प्लॅस्टिकचं आहेच 😬

सुधामावशी: प्लॅस्टिकचं नको गं. डेलियाचंच कर.

नंदूमामा: डेलिया तोरणात सुकतो लगेच. झेंडूलाच वरून जुनी चादर टाक रात्री, एकदोन कडाके निघून जातील. आणि एक शेवंतीची ओळ ठेवच. शेंडा जूनअखेर खुडून घे, त्यानंतर हात लावू नको.

मीनल: ठेवते. बटाट्याची एक ओळ कमी करते.